बाबांची विहीर आणि गुलाबी पट्टी

प्रिय सवेताताई,

धाकट्या भावाचा, तुझ्या हाताला ओठ टेकवून नमस्कार. देवाच्या कृपेने इथे आम्ही दोघंही ठीक आहोत, म्हणजे मी आणि जोयाना गाय. तुझे गुडघे कसे आहेत? तोरिनोत तू सांभाळतेस ती म्हातारी अजून जेवणातल्या मिठावरून बोलते का? बोलू दे. नव्वदीत माणसाला एवढा तरी उद्योग हवा.

दोन आठवड्यांपूर्वी गुरुवारी सकाळी मी काय केलं ते तुला सांगायचं आहे. शाळा झाडली, वर्गातली शेगडी पेटवली, मग घरी परत आलो, देवाच्या तसबिरीमागची बाटली काढली आणि प्रार्थना न म्हणताच खिशात घातली. एवढंच. पण आयुष्यात शिक्षकांना फसवण्याची माझी ही दुसरीच वेळ. (पहिल्या वेळी तुझी गणिताची वही माझी म्हणून दाखवली होती. तिच्यावर तुझं नाव होतं.)

मुळापासून सांगतो. शाळेत इलिंका नावाची नवी बाई आली आहे. वय सव्वीस, वजन शेळीइतकं, उत्साह मात्र लग्नाच्या वाजंत्र्यांचा. तिने पोर्तुगाल आणि एस्टोनियातल्या दोन खेडेगावांच्या शाळांशी भागीदारी जमवली. निसर्ग आणि विज्ञान पुस्तकातून नाही, हातापायांनी शिकायचं. त्यामुळे मुलं अर्धा दिवस वर्गाबाहेर असतात. आपल्या वेळी वर्गाबाहेर उभं राहणं ही शिक्षा होती, आता तो अभ्यास आहे. आपण दोघं चाळीस वर्षं लवकर जन्मलो, ताई. नाहीतर मी शास्त्रज्ञ झालो असतो.

पहिला विषय पाणी. तिन्ही शाळांनी आपापल्या विहिरीच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवायची. पांढरी राहिली तर पाणी चांगलं. गुलाबी झाली तर त्यात नायट्रेट आहे, म्हणजे वरून कुठून तरी शेणामुताचं पाणी झिरपतंय. आपल्या शाळेची विहीर म्हणजे बाबांची. मुलांनी आधी एक रंगीत तालीम केली, तर पट्टी बिटाच्या सूपासारखी झाली. बाई म्हणाली, "पाम्फिलकाका, गुरुवारी पडद्यासमोर, तिन्ही शाळा बघत असताना, पुन्हा करू. तेव्हाही असंच आलं तर गावच्या कचेरीला कळवावं लागेल. मग विहीर बंद."

विहीर बंद! तुला तो उन्हाळा आठवतो ना? तू चौथीत, मी पहिलीत. बाबा खाली, आपण दोघं वरून मातीची बादली ओढतोय, आणि जमिनीच्या पोटातून त्यांचं देवाचं गाणं वर येतंय. (बेसूर. पण खोलीमुळे गंभीर वाटायचं.) पाणी लागलं तेव्हा त्यांनी पहिलं पाणी आपल्या टोपीतून वर पाठवलं. अर्धं वाटेत गळलं, उरलेलं तू एकटी प्यायलीस. ते मी विसरलेलो नाही. पुढे इटलीला, स्पेनला जो जो गेला, तो बस पकडण्याआधी इथे येऊन ओंजळभर पाणी पिऊन गेला. तूही. अशा पाण्याला एक कागद नालायक ठरवणार?

म्हणून मी मुलांनी विहिरीतून भरून ठेवलेली बाटली बदलली. तसबिरीमागचं ते पाणी प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाचं, जानेवारीत मंतरलेलं. तुला माहीत आहे, ते वर्षभर नासत नाही. म्हटलं, वर्षभर नासत नाही ते पाणी पट्टीला काय घाबरणार!

गुरुवारी पडद्यावर एका बाजूला एस्टोनियाची मुलं, गोरीपान, शांत, देवळात बसल्यासारखी. दुसऱ्या बाजूला पोर्तुगालची, एकाच वेळी सगळी बोलणारी. एस्टोनियाची पट्टी पांढरी. पोर्तुगालची जराशी गुलाबी. त्यांनी त्यावरही टाळ्या वाजवल्या. मग आपली आन्का, सुताराची नात, बाटली घेऊन उभी राहिली. मी मागे शेगडीजवळ मनातल्या मनात क्रूसाची खूण करत होतो. पट्टी बुडाली, वर आली.

बीट.

वर पोर्तुगालची बाई विचारते, "तुमच्या पाण्यात ही कोणती वनस्पती आहे?" आन्काने बाटली उजेडात धरली. तळाशी तुळशीचं पान. पाद्रीबुवा पाणी शिंपडतात त्या जुडीतलं! सगळ्या वर्गाने एकदम मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "काका," आन्का म्हणाली, "हे आमच्याही घरी असतं. तसबिरीमागे."

मी तिथेच सगळं कबूल केलं. इलिंकाबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "काका, पण सणाला हे पाणी पिपात भरतं कोण? आणि कुठून?"

मीच भरतो, ताई. वीस वर्षं. बाबांच्या विहिरीतून.

संध्याकाळी पाद्री विसारिओन यांच्याकडे गेलो. म्हटलं, बुवा, तुम्ही आशीर्वाद दिलात तरी पाणी गुलाबीच? ते लसूण सोलत होते. म्हणाले, "पाम्फिल, मी पाण्याला आशीर्वाद देतो, गाळत नाही. ते काम तुला दोन हात देऊन देवाने तुझ्यावर सोपवलंय. आणि खोटेपणाबद्दल पन्नास नमस्कार घाल." घातले. आता माझेही गुडघे तुझ्यासारखेच आहेत.

पुढचा आठवडा मुलं पट्ट्या घेऊन वरच्या आळीत घरोघर फिरली. प्रत्येक विहिरीत पट्टी, प्रत्येकीची नकाशावर खूण. गुलाबी रंग कुठे वाढतो ते बघत बघत चढत गेली, आणि शेवटी लाल बाण सरळ आमच्या जोयानाच्या शेपटीखाली येऊन थांबला. शेणाचा ढीग, ताई. बाबांनीच जागा नेमलेला, विहिरीच्या वर चाळीस पावलांवर. एका हाताने विहीर खणली, दुसऱ्या हाताने ढीग रचला. तेव्हा एक गाय होती. मधल्या काळात माझ्याकडे सहा झाल्या. आता पुन्हा एक आहे, पण जमीन काही विसरत नाही.

मी म्हटलं, उकळून पिऊ. आन्काने मला शिकवलं, "काका, उकळलं की पाणी कमी होतं आणि विष तेवढंच राहतं. मोठ्यांना चालून जातं, बाळांना नाही. बाळं निळी पडतात." शेजारच्या तुदोरित्साची नात चार महिन्यांची आहे. तिच्या दुधाच्या भुकटीसाठी रोज सकाळी विहिरीची बादली त्यांच्या दारात कोण ठेवतं? पुण्य म्हणून ठेवत होतो. (बाळ ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आता बाटलीबंद पाणी येतं.)

पण गावातले बाकीचे अजून येतातच. "आमचे आजोबा हेच पिऊन नव्वद वर्षं जगले," म्हणतात आणि मला पट्टीवाला म्हणून चिडवतात. कचेरीतले लोक कागद शोधताहेत. विहिरीवर झाकण ठोकायचं तर ते आपल्या घरातल्या माणसानेच ठोकावं, असं मला वाटतं. तू थोरली. तुझ्या परवानगीशिवाय बाबांच्या विहिरीला मी हात लावणार नाही. हो किंवा नाही, एवढंच लिहून पाठव.

तुझा भाऊ,
पाम्फिल

ता. क. शेणाचा ढीग हलवावा लागला. विहिरीच्या खालच्या बाजूला मोकळी जागा एकच आहे, तू म्हातारपणी घर बांधणार म्हणतेस ती. खरं तर त्याच्याचसाठी हे पत्र लिहायला बसलो होतो. विहिरीचं मध्येच आलं. तिथले तुझे आलुबुखार शेणखतावर यंदा जोरात येतील. रागावायचं तर समोर येऊन रागाव. आठ वर्षं झाली.

आणखी ता. क. पत्र तीन दिवस टेबलावर पडून होतं, तिकिटं नव्हती. आज पहाटे साखळीचा आवाज आला. पाहतो तर तुदोरित्सा बादली ओढतेय. "बाटलीतलं संपलं रे, आजच्या दिवस चालेल," म्हणाली. मी बादली ओतून दिली, साखळी काढली, ओकच्या लाकडाच्या फळ्या आणल्या. तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही, माफ कर. शेवटची फळी बसवण्याआधी बादलीच्या तळाशी उरलेलं ओंजळभर पाणी प्यायलो. ताई, गोड होतं गं. अजून तसंच. मग खिळे ठोकले.