पिवळीला आता पॉलिश लावू नये

लिहून ठेवणार मी, वय एकाहत्तर, कवळ्या बनवणाऱ्या लॅबमधून निवृत्त, गल्लीत 'कवळीताई' या नावाने ओळखली जाणारी. माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाहीत, आणि मला कुणी धाकदपटशा दाखवून लिहायला बसवलेलं नाही. उलट सकाळपासून मीच सगळ्यांना दामटते आहे. वकीलबाई समोर बसून "काकू, सावकाश सांगा हो" म्हणत आहेत. सावकाश कसलं! काल दुपारपासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही. का ते चौथ्या कलमात कळेल. आधी घरदार उरकून घेते.

कलम १. माझं राहतं घर, खाली गॅरेज आणि वर दोन खोल्या, माझ्या भाचीला मिळावं. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आई आणि मावशी एकमेकींशी बोलत नसताना दोघींकडे जेवायला जाणं आणि इकडचं तिकडे न सांगणं हे येरागबाळ्याचं काम नाही. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो, तो दुरुस्त करू नये. पाहुण्यांची फजिती बघायला मजा येते.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून लॅबमधल्या मुलींना पाठ असलेल्या खुर्च्या घेऊन द्याव्यात. मी पाठ नसलेल्या स्टुलावर जन्म काढला. मालकांना सांगून सांगून जिभेला फोड आले, पण त्यांचं आपलं एकच, "पाठ टेकली की काम थंडावतं." आता मी मेल्यावर तरी टेका म्हणावं, आणि मालकांनी समोर उभं राहून बघावं.

कलम ३. माझं पॉलिशचं चाक, ब्रश आणि चाकाच्या गाद्या लॅबला परत जाव्यात. नव्या मुलींना एवढं सांगावं, की कवळीला खऱ्या दातांपेक्षा जास्त चमक देऊ नका, माणूस हसताना पकडला जातो.

केस वाळवायचं यंत्र मी शेजारच्या घड्याळजींना ठेवणार होते. ते मी कधीच केसांना लावलं नाही, गाडीच्या आरशांच्या खाचांत अडकलेलं पाणी त्याने वाळवायचे. घड्याळजींचा त्याच्यावर फार दिवस डोळा आहे. पण ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.
"काहीच नाही?" घड्याळजींनी विचारलं.
"टाचणीसुद्धा नाही," वकीलबाई म्हणाल्या.
घड्याळजींचं तोंड एवढंसं झालं. यंत्र भाचीला जावं. ती ते कुणाला देते यात मी पडणार नाही.

कलम ४. पिवळी.

आता आलं! पिवळी म्हणजे आमची स्पोर्ट्स कार. दोनच सीट, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि इंजिन सुरू झालं की वरच्या मजल्यावरची तावदानं खुळखुळतात. मी आणि धाकटीने ती तरुणपणी मिळून घेतली, जुनीच, पण मूळ रंगाची. धाकटीची ड्रायव्हिंग स्कूल होती. अर्ध्या गावाला क्लच सोडायला तिने शिकवलं. मला मात्र नाही शिकवू शकली, मी प्रत्येक वळणावर डोळे मिटते. म्हणून आमची वाटणी ठरली. चालवणं तिचं, चकाकवणं माझं.

आणि चकाकवलं मी! अंगठ्या, बांगड्या, पट्ट्याचं बक्कल, सगळं काढून ठेवायचं आणि मगच गाडीला हात लावायचा. दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची, एक फडकं खळबळून घ्यायची. धुऊन झालं की पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवायचा. नुसत्या बोटांना जी कचकच लागत नाही ती पिशवीतून लागते. खात्री नसेल तर आत्ता करून बघा, मी थांबते. मग पॉलिश, सरळ रेघेत, गोल कधीच नाही, आणि शेवटी मेणाचा हात. उन्हात आणली की बघणाऱ्याने बॉनेटमध्ये भांग पाडावा!

तर अशा गाडीवर, एकदा घाटातून फिरून आल्यावर, एका पक्ष्याने घाण टाकली. ती कडकडीत वाळली. आणि माझ्या सख्ख्या बहिणीने खिशातला रुमाल काढला, कोरडा, आणि गोल गोल घासून ती पुसली. कोरडा रुमाल! दुसऱ्या दिवशी उन्हात बघते तर बॉनेटवर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं. मी जे ओरडले ते नाक्यापर्यंत ऐकू गेलं. ती म्हणाली, "ताई, गाडी आहे की शोकेसमधली बाहुली?" मी म्हटलं, "पुन्हा हात लावायचा नाही." तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. त्याला अकरा वर्षं झाली. कोरड्या रुमालाबद्दल माझं मत आजही तेच आहे, ते या मृत्युपत्राने बदललं असं कुणी समजू नये.

तेव्हापासून पिवळी रस्त्यावर गेली नाही. नेणार कोण? मी दर रविवारी इंजिन सुरू करायचे, घुरघुरू द्यायचे, बंद करायचे आणि पॉलिश करायचे. ती जाळी जावी म्हणून आधी थोडी, मग आणखी थोडी. जाळी केव्हाच गेली, पण मी थांबते कसली. फडकं पिवळं होऊन यायचं आणि मला कसं बरं वाटायचं! म्हणायचे, बघ, किती मळ निघाला. झाकलेल्या गाडीवर मळ येतो कुठून, हा विचार डोक्यात आला नाही. ती पिवळी झालेली फडकी मी फेकलीही नाहीत, पेटारा भरलाय.

काल दुपारी बॉनेटच्या कडेवर एक करडा ठिपका दिसला. वाटलं, डाग. घासला. ठिपका मोठा झाला. जोर लावून घासला. ठिपका रुपयाएवढा झाला! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तो डाग नव्हता, रंगाखालचं अस्तर होतं. जुन्या रंगावर वर काचेसारखा वेगळा थर नसतो, घासाल तेवढा रंगच निघतो. फडक्यावर येत होती ती पिवळीच होती. अर्धी गाडी गॅरेजमध्ये आणि अर्धी पेटाऱ्यात!

मी बादली उलटी घालून तिच्यावर बसले. म्हटलं, आता रडू येईल. आणि कसचं काय, हसूच फुटलं, पोट धरून! अहो, राखायचं काही उरलंच नाही. मग ती ऊन खाऊ दे, पाऊस खाऊ दे, खडी उडू दे, घाटात धूळ माखू दे, आता तिचं कोण काय बिघडवणार? एकाहत्तराव्या वर्षी मला शाळा सुटल्यासारखं झालं. पण चालवणारी एकच, आणि तिला फोन करायला माझी जीभ रेटेना. नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. म्हणून हा कागद. जिवंतपणी जे तोंडाने होत नाही ते मेल्यावर वकीलबाई वाचून दाखवतील.

तरी पिवळी, किल्लीसकट आणि करड्या ठिपक्यासकट, माझ्या धाकट्या बहिणीला मिळावी. अटी पुढीलप्रमाणे. गाडीला पुन्हा पॉलिश लावू नये. कव्हर घालू नये. महिन्यातून एकदा तरी घाटात न्यावी आणि शेवटच्या वळणावर हॉर्न द्यावा, मी जिथे असेन तिथे डोळे मिटून घेईन.

कलम ५. गाडीचं कव्हर, आतून मऊ आणि उत्तम स्थितीतलं, समोरच्या माडीवरच्या सतरंजीवाल्या बाईंना द्यावं. इतकी वर्षं माझ्या शटरसमोर सतरंज्या झटकून त्यांना दम लागला असेल. पांघरून स्वस्थ पडावं.

वरील सर्व राजीखुशीने लिहिलं, वाचून पाहिलं, बरोबर आहे.

सही: कवळीताई
साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळजी
साक्षीदार दुसरे: धाकटी

पुरवणी, त्याच कागदाच्या पाठीवर, माझ्या हाताने.

वर दुसरी सही कुणाची ते वाचून आपण दचकला असाल. मीही दचकले. झालं असं की दुसरी साक्षीदार म्हणून घड्याळजींच्या बायकोने यायचं होतं. घड्याळजी "बोलावून आणतो" म्हणून उठले आणि आणलं कुणाला, तर धाकटीला! केस पांढरे झालेत, चाल तीच. आली, माझ्याकडे बघितलं नाही, कागद उचलला आणि उभ्यानेच वाचला. चौथ्या कलमापाशी नाक ओढलं. मग वकीलबाईंच्या हातातलं पेन घेऊन फर्रकन सही ठोकली.

वकीलबाई किंचाळल्या, "अहो, हे काय केलंत! तुम्ही साक्षीदार झालात, आता गाडी तुम्हाला मिळणार नाही!"

"वाटेतच घड्याळजींनी सांगितलंय मला," धाकटी म्हणाली. "टाचणीसुद्धा नाही."

"मग सही का केलीस गं?" माझ्या तोंडून निघालं. अकरा वर्षांनी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"कारण मला तुझ्या मरणाची वाट बघत बसायचं नाही, ताई. म्हणे वकीलबाई वाचून दाखवतील! किल्ली काढ."

मी काढली. आम्ही दोघींनी शटर वर केलं, तिने पिवळी उन्हात घेतली आणि दार उघडून म्हणाली, "बस. आणि डोळे उघडे ठेव." मी बसणार एवढ्यात वरून कबुतराने नेम धरला. बरोब्बर बॉनेटवर.

धाकटी स्टिअरिंगवरचे हात न हलवता माझ्याकडे बघत राहिली. घड्याळजी पाण्याची बादली आणायला धावले. मी त्यांना थांबवलं, कमरेचा रुमाल काढला आणि तिच्या हातात दिला.

कोरडा.

सबब कलम ४ रद्द. पिवळी आजच तिची, माझ्या डोळ्यांदेखत.

सही: कवळीताई (गाडी चालू आहे, अक्षर समजून घ्यावे)
साक्षीदार: घड्याळजी, धाकटी (डाव्या हाताने, उजव्यात रुमाल आहे)
ठिकाण: गॅरेजच्या बाहेर
तारीख: वकीलबाई घालतील, आम्ही निघालो. वार रविवार.