नाकाची ग्वाही

वाल्परायसो,
१२ जून १८८४

प्रिय हॅना,

तुला आणि एस्टरला अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारच्या बोटीने पोचलं. मी ठीक आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. इथे थंडी पडली आहे. टेकडीवरच्या रस्त्यांनाही आता आमच्या कंपनीचे गॅसचे दिवे लागले.

नोकरी सोडून हॅलिफॅक्सला तुझ्याकडे राहायला ये, असं तू लिहितेस. एस्टरने माझ्यासाठी खोलीही रंगवली म्हणतेस. पण त्याच पत्रात आहे की, पोरीच्या हातून काही फुटलं की तुझ्या तोंडून निघतं, "गेलीस ना बापावर, धांदरट!" तेवढी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे.

तिचा बाप धांदरट नव्हता, हॅना.

सायलसने इथे माझ्या हाताखाली असताना एका शिंप्याच्या दुकानात गॅसच्या नळीचा सांधा सैल ठेवला आणि दिवा लावताना स्फोटात गेला, एवढंच तुला ठाऊक. तसा अहवाल मीच लिहिला होता. आता खरं ऐक.

आमच्याकडे रीत अशी, की नळी बसली की मुख्य इंजिनिअरने स्वतः सांधा न् सांधा हुंगायचा, मग ज्याने ती बसवली त्याने पहिला दिवा लावायचा. माझ्या नाकाची केवढी ख्याती! त्याच्याच जोरावर मी वर चढलो. पण गॅस जिथे चुन्यातून शुद्ध होतो, त्या खोलीत वर्षं काढून ते नाक केव्हाच मेलं होतं. कॉफी नुसतं गरम पाणी लागायची. मी कुणाला बोललो नाही. नाक गेलेला इंजिनिअर कोण ठेवून घेतो?

त्या दिवशी सायलस म्हणाला, "काल जमीन हललीय, साहेब. सांधे ढिले झाले असतील. माझं नाक सर्दीनं चोंदलंय. साबणाचं पाणी लावून बघू का? गळत असेल तर बुडबुडे येतील."

दारात चार मजूर ऐकत होते. मी म्हटलं, "मेहुण्या, साबण आधी स्वतःच्या तोंडाला लाव! हे नाक असताना पाणी कशाला?" सगळे हसले. तोही हसला. मी वाकून हुंगलं. वास आला नाही. मला कसलाच येत नव्हता. तरी म्हटलं, "लाव दिवा."

त्याने माझ्यावर विश्वास टाकला, आणि मी त्याच्याच डोक्यावर खापर फोडलं. नऊ वर्षं तू मेलेल्या नवऱ्यावर रागावून राहिलीस. मी ते पत्रांतून वाचत होतो आणि उत्तरात तुझ्या खोकल्याची चौकशी करत होतो. भित्रा निघालो मी, दुसरं काय!

काल कंपनीला खरा अहवाल दिला. बोटीचं तिकीट काढलेलं नाही. हे वाचूनही तू 'ये' म्हणावंस असं फार वाटतं, पण मागायला तोंड नाही. आधी एस्टरला जवळ बसवून सांग, की तिचा बाप जपून काम करणारा माणूस होता. माझं काय करायचं, ते मग तीही ठरवू दे.

तुझा नवरा ज्याच्या शब्दावर गेला, तो तुझा भाऊ,
जोसाया