वधूचा दीर्घ ऊ

यशवंतपूर, बेंगळूरु
बुधवार, सकाळ

तीर्थरूप सोयराआत्यांच्या चरणी नागोजीचा दंडवत.

तुमचा डावा गुडघा आता वाकतो का? (मागच्या पत्रात तुम्ही 'गुढघा' लिहिले होते. 'गुडघा' बरोबर. राग मानू नका, छडी घेऊन शुद्धलेखन तुम्हीच शिकवलेत.) मी ठीक आहे. पित्त आहे, पण ते काळजीचे, खाण्याचे नव्हे. एक गोष्ट मात्र पक्की ठरवून लिहायला बसलो आहे. येत्या रविवारच्या वधू-वर मेळाव्यासाठी मला न विचारता तुम्ही माझ्या नावाचा जो फॉर्म भरलात, तो मागे घ्या. कारण सविस्तर लिहितो.

मेळावा इथल्या मराठी मंडळाचा. अध्यक्ष मंजुनाथअण्णांच्या घराण्याला इथे चार पिढ्या झाल्या, त्यामुळे ते मराठीत सुरू होतात आणि कन्नडमध्ये थांबतात. त्यांना कोणीतरी सांगितले की गोदामातला नागोजी कॉम्प्युटरवर बसतो. (बसतो हे खरे. आलेल्या-गेलेल्या पेट्या लिहितो.) झाले! दोनशे एकतीस स्थळांची एक्सेलची फाइल माझ्याकडे तपासायला आली. तिला दोन पाने, एकावर मुली आणि दुसऱ्यावर मुले. ती वाचून वय, शिक्षण, गाव पाहून जोड्या सुचवणारा प्रोग्रॅम विद्या मॅडमनी लिहिलेला. त्या पुण्याच्या, मारतहळ्ळीला मोठ्या कंपनीत असतात. त्यांचा प्रोग्रॅम फाइल वाचतो तो 'पांडाज' नावाच्या लायब्ररीकडून. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांचा तो गठ्ठा असतो, आपण फक्त हाक मारायची. मी आधी 'पंडे' ऐकले, आणि मला अजून तेच बरोबर वाटते. तीर्थाच्या ठिकाणचे पंडे गाव-आडनाव सांगताच चोपडी उघडून खापरपणजोबा काढून देतात, तसेच हे.

फाइल उघडली आणि पहिल्या पानाचे नाव वाचून मला घाम फुटला. 'वधु'. ऱ्हस्व! मंगलकार्यात! मी ते 'वधू' केले, आणखी एकशे बारा चुका काढल्या आणि समाधानाने फाइल परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीत सगळ्यांसमोर प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर इंग्रजीत उत्तर आले, की 'वधु' नावाचे पान सापडत नाही. अण्णा खुर्चीतून उठलेच. "अय्यो! एकशे चौदा मुली होत्या की रे तम्मा! कुठं घालवलास?" (तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ.) विद्या मॅडमनी विचारले, पानाचे नाव कोणी बदलले? मी म्हणालो, मी, कारण ते चूक होते. "असेल चूक. पण प्रोग्रॅम त्याच नावाने हाक मारतो ना! तुम्हाला घरी कोणी नाग्या म्हटलं तर ओ देता, की आधी शुद्धलेखन तपासता?" (सगळे हसले. अण्णा जरा जास्तच.)

विद्या मॅडम मिनिटभरात जुने नाव परत घालणार होत्या. पण आत्या, माझी मान ताठ झाली. मी म्हणालो, पान आहे तसेच राहील, प्रोग्रॅम बदला. त्या म्हणाल्या, "मग बदला तुम्हीच."

बदलला. दोनशे पानी वही आणली, मालकांना विचारून पाच दिवस गोदाम उघडायच्या तासभर आधी बसलो, व्हिडिओ थांबवून थांबवून आज्ञा हाताने उतरवून घेतल्या. (स्वल्पविराम चुकला तरी हे पंडे दक्षिणा न मिळाल्यासारखे रुसतात. मला ते आवडले.) पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर चालवला, आणि एकशे चौदा वधू दीर्घ ऊसकट हजर झाल्या. पण मुले एकशे सतराऐवजी एकशे सोळा! विद्या मॅडम म्हणाल्या, "एक गळलाय. कोण?" सगळे यादी चाळू लागले. मी हात वर केला.

आत्या, फॉर्ममध्ये माझे शिक्षण तुम्ही 'बी.कॉम.' लिहिलेत. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडले हे तुम्हाला ठाऊक आहे. दोनशे तीस लोकांच्या वेलांट्या सरळ करायच्या आणि स्वतःचे खोटे तसेच ठेवायचे, हे मला जमले नाही. मी त्यापुढे 'दुसरे वर्ष, अपूर्ण' असे लिहिले होते. प्रोग्रॅमला ठरावीक पदव्याच कळतात. 'अपूर्ण' कळले नाही, म्हणून त्याने मला सोडून दिले.

अण्णा म्हणाले, "खोडून टाक की ते. स्वल्प खोटं चालतंय रे." विद्या मॅडम माझी ओळ बराच वेळ वाचत होत्या. मग म्हणाल्या, "बाकीच्या एकशे सोळा जणांत एकाचंही काहीच अपूर्ण नाही?" आणि अण्णांना म्हणाल्या, "ओळ आहे तशीच राहील. प्रोग्रॅम बदलते."

बदलला. मी आत आलो. पण माझ्यापुढे एकही मुलगी सुचवलेली नाही, रकाना कोरा आहे. तेव्हा फॉर्म मागे घेणेच योग्य. माझा निश्चय ठाम आहे.

तुमचा आज्ञाधारक (या एका बाबतीत सोडून) भाचा,
नागोजी

ता. क. फॉर्म मागे घेऊ नका. मेळाव्यात प्रत्येकासोबत घरचे एक मोठे माणूस लागते. शनिवारची गाडी धरा, स्टेशनवर उतरवून घ्यायला मी येतो. विद्याचे नाव यादीत नाही (स्वतः दोनदा पाहिले, पंड्यांकडूनही पाहून घेतले), पण पुण्याहून तिची आई येणार आहे. त्यांचाही गुडघा दुखतो असे कळते. बोलायला विषय होईल.

आणखी एक ता. क. आत्ताच तिचा मेसेज आला. 'रविवारी लवकर या. तूम्ही याल ना?' त्यातला 'तू' दीर्घ आहे. मी तीनदा वाचला. दुरुस्त केला नाही.