पहिला कप

सणसर, मंगळवार, संध्याकाळ

…अंगण झाडून झालं होतं, धार काढून दूध डेअरीत पोचवलं होतं. परवाची सकाळ. नेहमीसारखा पहिला चहा यांच्या फोटोपुढं ठेवला. हे गेल्यापासूनची सवय. बारामतीहून आलेली नात बघत होती.

"आज्जी, येशूला चहा न्हाय व्हय?"

"येशू चहा पीत न्हाय गं."

"मग आजोबा पित्यात?"

हसले, पण तेव्हापासून चैन नाही. चर्चमध्ये मीच बायकांना सांगते, माझ्या घरात प्रभू पहिला. पहिला कुठं? डोळे उघडले की आधी यांच्याशी बोलते. प्रार्थना त्यानंतर, जमेल तशी. तो कप ठेवला नाही तर हे पुन्हा एकदा जातील, अशी भीती वाटते. प्रभूपेक्षा ही भीती मोठी झाली का?

आणि यांना तरी हे आवडलं असतं? प्रार्थना झाल्याशिवाय कपाला हात लावायचे नाहीत. चहा निवायचा, मी चिडायचे.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, उठल्यावर आधी गुडघे टेकले. मग एकच कप चहा केला आणि स्वतः प्यायले.