खंडेनवमीचा हार

पूर्णा

प्रिय उद्धव,

पार्सलात पत्राखाली बारा भोकांची एक लोखंडी पट्टी आहे. ती आधी बाजूला ठेव आणि हे सगळं वाच. घाई करू नकोस. तुझी घाई आम्हाला एकदा फार महागात पडली आहे. आणि ‘प्रिय’ लिहिलं म्हणून खूश होऊ नकोस. पत्र दुसऱ्या कशानं सुरू करतात ते मला कुणी शिकवलं नाही, एवढंच.

बातमी अशी की बापूंची उभी ड्रिल मशीन घरी परत आली. मी इथल्या एका संस्थेत पोरांना फिटरचं काम शिकवते, हे तुला कळलं असेलच. त्यांच्यासाठी जुने सुटे भाग शोधत पालमला गेले, तर भंगाराच्या ढिगात ती उताणी पडलेली. खांबावर बापूंनी छिन्नीनं कोरलेलं स्वस्तिक दिसलं, तेव्हा ओळखली. टेम्पोत घालून आणली. बापूंनी दारातून बघितलं आणि ते आत निघून गेले.

दोन महिने मी तिच्यामागे होते. रॉकेल, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर. नखांतला काळा रंग अजून गेलेला नाही. पट्ट्याची चाकं मोकळी झाली, जळालेली मोटर नव्या तारेनं भरून आणली, हिरवा रंग दिला. मधला फिरता दांडा, स्पिंडल, मात्र नळीतून सुटेना. चार दिवस डिझेल पाजलं, तेव्हा कुठे लाकडी ठोकळ्यानं सरकला. खालच्या बेअरिंगपाशी दोऱ्याचा काळा गुंडा अडकला होता. सुईनं उकलला, तर आत झेंडूच्या पाकळ्या. वाळून तपकिरी झालेल्या, पण झेंडूच्याच.

आपल्या मशीनला झेंडूचा हार वर्षातून एकदाच पडायचा, खंडेनवमीला. बापू तो ड्रिल धरणाऱ्या चकच्या वर घालायचे आणि दसऱ्याला सकाळी पूजा उतरेपर्यंत बटणाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मग हार फिरत्या स्पिंडलला गुंडाळला कसा? त्या वर्षी हार घालून आम्ही सगळे रात्रीपुरते झरीला आत्याकडे गेलो होतो. दुकानाची किल्ली तुझ्याकडे होती. नऊ वर्षं बापूंच्या हाताखाली शिकलेल्या, आमच्या घरी जेवलेल्या माणसाकडे नाही, तर कुणाकडे असणार?

कुणाचं तरी अडलेलं काम तू गुपचूप घेतलंस. बसवलेल्या पूजेत मशीन चालवायला तुला काही वाटलं नाही, पण देवाचा हार काढायला मात्र पाप वाटलं! वर सरकवून ठेवला असशील. तो घसरला, गुंडाळला, तू दचकलास आणि नीट न बांधलेला नग गरकन फिरला. बापूंच्या हाती ज्या टेबलावर कधी ओरखडा उठला नाही, त्यावर बोटभर घाव आहे. स्पिंडल वाकला. इथपर्यंत चूकच होती, आणि चुकीसाठी मी कागद खराब केला नसता. पण स्पिंडलवर हातोडीचे ठोके आहेत, उद्धव. सात मोजले मी. म्हणजे तू तो काढलास, ठोकून सरळ केल्यासारखा केलास, परत बसवलास, टेबलावरचा घाव बुजवलास, वर नवा हार घातलास आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आपट्याची पानं घेऊन आलास.

पंधरा दिवसांत पेरणीयंत्रांच्या पट्ट्या परत यायला लागल्या. एकाही भोकात बोल्ट बसेना. ऐन रब्बीच्या पेरणीत शेतकरी दुकानासमोर शिव्या देत उभे. बापूंनी तुला मशीन तपासायला सांगितली. ‘मशीनला काई झालं न्हाई, बापू,’ असं त्यांना म्हणालास आणि मला बाहेर बोलावून हळूच म्हणालास, ‘बापूंचा हात थरथरायलाय. मी कसं सांगू? तू सांग, तुझं ऐकतेत.’

आणि मी सांगितलं. माझ्या तोंडानं. बापूंनी उजवा हात डोळ्यांसमोर धरून बघितला आणि खिशात घातला. आठ दिवसांत दुकानाला कुलूप लागलं आणि मशीन विकली गेली. अकरा वर्षं झाली, लोकांसमोर ते बशीनं चहा पीत नाहीत. पेला दोन्ही हातांनी धरतात. वर्षाच्या आत परभणीला तुझं दुकान उभं राहिलं, गिऱ्हाइकं आमचीच. लग्नही तू तिकडचंच ठरवलंस. त्यावर मी कधीच पाणी सोडलं. पण ते वाक्य तू माझ्या तोंडी घातलंस, त्याची मला तुझ्याकडून भरपाई हवी आहे. सूड म्हण हवं तर. मला त्या शब्दाची लाज वाटत नाही.

नवा स्पिंडल मी स्वतः लेथवर उतरवला. गेल्या आठवड्यात पोरांचं निमित्त करून बापूंना मशीनपुढे उभं केलं. ते नाही नाही म्हणत होते. मग हॅण्डल हातात आलं, आणि बारा भोकं एका दमात. तीच ही पट्टी. तुझं गेज लाव आणि बघ, केसाचा फरक निघाला तर मला शिव्या घाल. मला रडू फुटलं होतं. बापू मात्र म्हणाले, ‘तू मशीन नवी केली म्हणून. तवा मशीन चांगली हुती, हातच गेला हुता. उद्धवनं बघितली हुती की.’

मी त्यांना पाकळ्या दाखवल्या, ठोके दाखवले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लेक आपल्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी रचते आहे, असं त्यांना वाटलं. तुझ्या शब्दापुढे माझा पुरावा टिकला नाही, उद्धव! ज्यानं बुडवलं, त्याच्यावरच म्हाताऱ्याचा विश्वास.

म्हणून हे पत्र. यंदा खंडेनवमीला दुकानाचं कुलूप उघडतं आहे. पूर्णेतल्या सगळ्या दुकानदारांना बोलावलं आहे, तुझ्या जुन्या गिऱ्हाइकांनाही. पूजेत मशीनशेजारी पाटावर तो वाकडा स्पिंडल मांडणार आहे, दोऱ्यासकट. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते माझं ठरलेलं आहे. पण माझं सांगणं बापूंना पटणार नाही, तुझंच पटेल. हार मी घालीन. दसऱ्याला सकाळी, सगळ्यांसमोर, बापूंच्या पुढ्यात, जे केलंस ते बोलायचं आणि तो हार तुझ्या हातानं काढायचा. त्या दिवशी काढायचा राहिला होता.

एके काळची तुझीच,
राजेश्री