पंप चार बोटं लांब

३ फेब्रुवारी

दुसरा उशीर! मागचं चाक खडीच्या रस्त्यावर बसलं. जवळ पंप नाही, सायकलचं दुकान उघडतं नऊला. सायकल हातात धरून तीन किलोमीटर चालले. पोहण्याच्या तलावाचं फाटक सहाला उघडायचं, किल्ली माझ्याकडे, आणि मी पोचले सहा बावीसला. फाटकाबाहेर माझ्या वर्गातल्या नऊ आज्या रबरी टोप्या घालून रांगेत उभ्या! त्यातल्या जज्जबाई (निवृत्त झाल्यात, सवय मात्र झालेली नाही) म्हणाल्या, "उशिराचं कारण लेखी द्या."

सगळ्या हसल्या. मॅनेजर हसले नाहीत. "मार्चअखेरपर्यंत तुमची नोकरी कच्ची आहे, बाई. तिसऱ्यांदा उशीर झाला की नारळ."

सात वर्षं मी या नाहीतर त्या तलावावर बदली शिक्षिका म्हणून काढली. ही पहिली जागा माझी स्वतःची आहे आणि मला ती हवी आहे. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या 'गेली तर गेली' असली नाटकं करता येणार नाहीत.

उद्या पंप घ्यायचा.

४ फेब्रुवारी

सायकलवाला माझ्या सायकलकडे बघून आधी पोटभर हसला. "ताई, ही शाळकरी पोरांची फ्रेम. यात पंप ठेवायचा कुठे?" अरे, मला माहीत आहे ती कोणाची फ्रेम आहे! माझी उंची चार फूट नऊ इंच. मोठ्या सायकलवर बसले की थांबायची सोय नाही. पाय जमिनीला लागायच्या आत मीच जमिनीला लागते.

शेवटी त्याने एक जाडजूड पंप सीटखालच्या दांड्याला पट्ट्यांनी आवळून दिला. "फस्क्लास!" म्हणाला.

५ फेब्रुवारी

फस्क्लास कसला! दर पॅडलला उजवा गुडघा पंपावर आपटतो. टक. टक. टक. घरापासून तलावापर्यंत टक. गुडघा जांभळा झालाय.

६ फेब्रुवारी

आज पंप पाठीवरच्या पिशवीत. अर्धा आत, अर्धा बाहेर. कोपऱ्यावर वळताना पेपर टाकणाऱ्याची टोपी उडवली. तो म्हणाला, "लढाईवर निघालात का?" सॉरी म्हणायला मागे वळले तर दुसऱ्यांदा लागला बिचाऱ्याला!

९ फेब्रुवारी

कॅरियरला रबराने बांधला होता. खड्ड्यात उडी मारून पळाला. मागून ट्रक. आता तो पंप पुस्तकात खूण म्हणून ठेवता येईल.

१० फेब्रुवारी

दुसरा घेतला, अगदी पिटुकला, खिशात मावणारा. घरीच करून बघितलं, दोनशे वेळा मारला! आई मोजत होती. शेवटी चाक दाबून म्हणाली, "उशीसाठी बरं आहे."

हे लोढणं ठेवायचं कुठे हा प्रश्न सुटला, तर आता हवाच भरत नाही. आगीतून फुफाट्यात.

१२ फेब्रुवारी

आज चोरी केली. घरातली.

म्हणजे झालं असं. मला पाहिजे तसा पंप जगात आहे, आणि तो आमच्याच मागच्या खोलीत आहे. बाबांच्या उंच काळ्या सायकलवर. वरच्या दांड्याखाली दोन खुंट्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेला पंप. बारीक. दांड्याच्या बरोबर रेषेत, त्यामुळे गुडघ्याला लागायचा प्रश्नच नाही. असले पंप आता दुकानात मिळत नाहीत, सायकलवालाच म्हणाला. तीस वेळा मारला की चाक दगड!

पण त्याला हात लावायचा नाही, हा घरातला सगळ्यात जुना कायदा. लहानपणी एकदा मी त्यातून पाणी उडवलं होतं. दोन दिवस बाबा बोलले नव्हते माझ्याशी.

चौतीस वर्षं बाबा त्या सायकलवरून कारखान्यात गेले. लेथवर काम करायचे. सहा फूट उंच माणूस, सायकलवर ताठ बसायचे, मी पुढच्या दांड्यावर. सहा महिन्यांपूर्वी कानाच्या आत काही बिघाड झाला आणि तोल गेला तो गेलाच. आता घरात भिंत धरून चालतात. डॉक्टर म्हणाले, "सायकल विसरा." बाबांनी ऐकलं, "सध्या विसरा." थंडी सरली की जाईन म्हणतात. दर रविवारी खुर्ची ओढून बसतात आणि सायकल तेलाच्या फडक्याने पुसतात. आम्ही दोघी काही बोलत नाही. कोण बोलणार?

तर दुपारी ते झोपलेले बघून पंप काढला, माझ्या सायकलच्या दांड्याखाली धरून पाहिला. जाडी अगदी हवी तेवढी! लांबी — चार बोटं जास्त. तिरका करून बघितला, उलटा करून बघितला. चार बोटं म्हणजे चार बोटं. गुपचूप परत ठेवून आले.

१३ फेब्रुवारी

जेवताना बाबा, ताटाकडे बघत: "पंप उलटा बसवलाय कोणीतरी. मूठ पुढे असते."

आई वाटीत बघत होती. मी आईच्या वाटीत बघत होते.

"कोणाला लागत होता?" बाबांनी विचारलं.

सांगून टाकलं सगळं. खडी, उशीर, तिसऱ्या वेळी नारळ. रागावतील वाटलं होतं. "हूं," एवढंच म्हणाले आणि ताक मागितलं.

१५ फेब्रुवारी

जज्जबाई दीड महिना काठाचा गज धरून आहेत. आज म्हटलं, "सोडा की एकदा! मी आहे ना." तर म्हणाल्या, "तारीख द्या." तेवीस तारीख दिली.

१७ फेब्रुवारी

बाबांचा काहीतरी बेत शिजतोय. मागच्या खोलीचं दार बंद आणि आतून कानशीचा आवाज, खर्र खर्र. मध्येच करवत. जेवायला बोलावलं तर "आलो" म्हणतात आणि अर्ध्या तासाने येतात, नखांत काळं. किती महिन्यांनी नखांत काळं दिसलं!

आई घाबरली आहे. "सायकल तयार करतायत. एक दिवस आपण झोपेत असताना निघतील. तू बोल."

"तूच बोल."

"माझं ऐकलंय कधी?"

माझी शिवणाची टेप सापडत नाही. हे उगीच लिहिलं, पण कुठे गेली असेल?

१९ फेब्रुवारी

तलावावरून आले तर बाबा खाली, जिथे मी सायकल लावते तिथे! एकटे. तीन जिने उतरून! एका हाताने भिंत धरलेली.

"इथे काय करताय?"

"ऊन खातोय."

तिथे ऊन येत नाही.

वर येताना माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी. मला वाटायचं माझी उंची कशालाच उपयोगी नाही. त्यांच्या हाताला खांदा बरोबर येतो.

पण खाली कशाला गेले? तालीम करत होते का? मला रात्रभर धास्ती.

२१ फेब्रुवारी

बोलले. नको तसं बोलले.

मागच्या खोलीत आवाज सुरू झाला आणि माझं डोकं फिरलं. दारावर थापा मारल्या. त्यांनी उघडलं, पण फटीतच उभे राहिले. मी ओरडलेच, "बाबा, तुम्ही आता सायकल चालवणार नाही. थंडी सरली तरी नाही. कधीच नाही! हे आम्ही दोघी सहा महिने गिळून बसलोय!"

आई स्वयंपाकघरात भांडं हातात घेऊन तशीच उभी.

बाबा म्हणाले, "हळू बोल. तोल गेलाय, ऐकू येतं मला." आणि नंतर, "तो छोटा पंप कुठे ठेवतेस तू?"

"खिशात! विषय बदलू नका!"

त्यांनी दार लावून घेतलं. मी हे असं बोलायला नको होतं. खरं होतं म्हणून काय झालं? दुसऱ्या कोणी बोलायला हवं होतं, डॉक्टरने, कोणीही. मी नाही. मला त्यांनी दांड्यावर बसवून जग दाखवलंय.

२२ फेब्रुवारी

बाबा गप्प. मी गप्प. आई दोघांशी जास्तच बोलते.

२३ फेब्रुवारी

आजचा दिवस! आजचा दिवस!

सव्वापाचला खाली गेले तर माझ्या सायकलवर पंप! वरच्या दांड्याखाली दोन पितळी आकडे, मध्ये बारीक, काळा, घट्ट बसलेला. रंग इतका ताजा की बोटांना लागला. थांबायला वेळ नव्हता. गुडघा हलवून बघितला, कुठे म्हणून लागत नाही!

आणि खडीच्या रस्त्यावर नेमकं चाक बसलंच. म्हटलं, ये बाबा, आज ये. पंप काढला, मारत सुटले. पंचेचाळीस वेळा. दगड! हवा पुन्हा जायच्या आत तलाव गाठला. पाच सत्तावन्नला फाटक उघडलं. मॅनेजर घड्याळ घेऊन उभेच होते, त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

आणि जज्जबाईंनी तारीख पाळली! गज सोडला. चार सेकंद तरंगल्या. मग मला मिठी मारून दोघी बुडालो.

घरी आल्या आल्या बाबांना विचारलं, "असा पंप मिळाला कुठे? सायकलवाला तर नाही म्हणाला होता!"

"मिळाला," म्हणाले. "पंचेचाळीस लागले ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आखूड आहे. जास्त मारावा लागणार."

मी परवाबद्दल माफी मागणार होते. ते पेपर वाचायला लागले.

२४ फेब्रुवारी

बाबांच्या सायकलवरच्या दोन्ही खुंट्या रिकाम्या आहेत.

खाली जाऊन माझा पंप काढून आणला आणि तिथे लावून पाहिला. चार बोटं आखूड. हातात पंप घेऊन मी तिथेच खाली बसले आणि मला रडू आवरेना.

बाबा चौकट धरून दारात उभे होते. म्हणाले, "तिथे नाही. तुझ्या सायकलवर. आणि मूठ पुढे."