एकशे सतरा नंबरची नडगी

३ मार्च
आले एकदाची नोरलुंडला! संग्रहालयाच्या तळघरात जुन्या मठाच्या दफनभूमीतली आठशे माणसं खोक्यांत झोपलीत, आणि त्यांची नोंद करायला मी. प्रमुख टोर्किल्ड म्हणाला, ही मंडळी तक्रार करत नाहीत, पण शुक्रवारचा केक मात्र जिवंतांसाठी आणावा लागतो. पहिलंच खोकं एकशे सतरा. सातशे वर्षांपूर्वीची कुणी बाई. नडगीचं हाड सुजून दगडासारखं जड झालेलं, आतली पोकळी बुजलेली. हाडाचा असा जुनाट संसर्ग क्वचितच दिसतो. आजही त्याचे रोगी मूठभरच. खोक्यावरची चिठ्ठी फाटली होती. डावं की उजवं ते कळायला हाड आपल्याच पायाला लावून बघायचं, ही आम्हा हाडवाल्यांची खोड. लावलं. उजवं निघालं. नवी चिठ्ठी लिहून चिकटवली.

९ मार्च
उजवी नडगी ठणकतेय. सायकलला दोष दिला. टोर्किल्ड हसला. म्हणाला, तुझ्या आधीची सिडसेलपण अशीच लंगडत होती, तळघरच गार आहे बाई.

२१ मार्च
डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरला. पू नाही, जंतू सापडत नाहीत, हाड मात्र आतून भरत चाललंय. ते नाव सांगायच्या आत मी ओळखलं. एकशे सतरामध्ये रोज बघते ना. पाय वाचेलच असं नाही, म्हणाले. गाडीत बसून खूप रडले.

२६ मार्च
सिडसेलला फोन केला. मजेत होती. दोन वर्षांचं दुखणं एका सकाळीत गेलं म्हणे. कधी, विचारलं. तीन मार्चला. एकशे सतरा पायाला लावलं होतंस का, विचारलं. हो, लावलं होतं. मग म्हणाली, चिठ्ठी मीच फाडली गं. माफ कर मला.

२ एप्रिल
उभं राहवत नाही. तळघरात माझ्या मदतीला गुड्रून आलीय. निवृत्त नर्स, साठीची, रोज वीस किलोमीटर सायकल मारते. माझ्यासाठी सूप आणलं. आमची ती खोड मीच तिला शिकवली, दुसऱ्या हाडावर. चांगली बाई आहे. फार चांगली.

३ एप्रिल
चिठ्ठी फाडली. मी. माझ्या हातांनी—

४ एप्रिल
तिनं खोकं उघडलंय. चिठ्ठी कुठंय, म्हणते. अगं, डावं की उजवं?
एकच शब्द आहे. सांगते. आत्ता सांग—
राहू दे, लावूनच बघते, म्हणाली. हसतेय.
नको, गुड्रून—
ठणका थांबला—